सोडून आलेल्या देशाची सही कशाला हवी?

प्रति,
मा. अध्यक्षा, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती, लोझान
मा. अध्यक्ष, वर्ल्ड तायक्वांदो, सेऊल

विषय: मायदेश सोडावा लागलेल्या खेळाडूंसाठी तीन वर्षांच्या अटीत दुरुस्ती करण्याबाबत

महोदया, महोदय,

स. न. वि. वि.

मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी तायक्वांदो शिकवतो. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण ते आपल्याप्रमाणेच माझ्या वर्गातल्या मुलांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि इथल्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

मागणी एकच आहे, ती आधी सांगतो. ऑलिम्पिक सनदेतल्या नियम ४१ च्या पोटनियमानुसार, एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूने राष्ट्रीयत्व बदललं, तर जुन्या देशाकडून शेवटचं खेळल्याला तीन वर्षं झाल्याशिवाय त्याला नव्या देशाकडून ऑलिम्पिकमध्ये उतरता येत नाही. ही मुदत कमी करता येते, माफही करता येते. पण त्यासाठी संबंधित राष्ट्रीय ऑलिम्पिक समित्या आणि त्या खेळाची जागतिक संघटना यांची संमती लागते, आणि मग ऑलिम्पिक समितीचं कार्यकारी मंडळ निर्णय घेतं. संबंधित समित्यांमध्ये जुन्या देशाची समितीही आली. ज्या खेळाडूला छळामुळे किंवा जिवाच्या भीतीने देश सोडावा लागला आणि ज्याला दुसऱ्या देशाने रीतसर संरक्षण दिलं आहे, त्याच्या बाबतीत जुन्या देशाची ही संमती काढून टाका.

आमच्याकडे या सहीचा अनुभव घरोघरी आहे. भारतात एका राज्याकडून खेळलेल्या मुलाला दुसऱ्या राज्याकडून खेळायचं असेल, तर जुन्या राज्य संघटनेचा ना हरकत दाखला मागतात. माणसं सरळ असतील तर दोन दिवसांत मिळतो. नसतील तर अर्ज कपाटात पडून राहतो. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी वडिलांच्या बदलीमुळे परराज्यात गेली आणि तिचा दाखला जुन्या संघटनेतल्या गटबाजीत अडकला. ‘साहेब बाहेरगावी आहेत’, ‘मीटिंग झाली की बघू’, ‘आधी क्लबची थकबाकी भरा’ असं ऐकण्यात अख्खा हंगाम गेला. आमच्या खेळात ज्युनियर गट १५ ते १७ वर्षांचा. ती तेव्हा १७ वर्षांची होती. हुकला तो हंगाम कायमचा हुकला, आणि पुढच्या वर्षी तिला थेट सीनियर गटात, मुरलेल्या खेळाडूंसमोर उभं राहावं लागलं. तिच्यावर कुणी डूख धरला नव्हता. तिने काय घालावं, काय बोलावं हे कुणी सांगत नव्हतं. वडिलांच्या एका बदलीपायी एवढं झालं. जिथे खेळाडू सरकारला चार शब्द सुनावून बाहेर पडला आहे, तिथे सही देणाऱ्याची नियत काय असेल हे वेगळं सांगायला नको.

किमिया अलीझादेची हकीकत आपल्याला माहीत आहे. तरी ती इथे सविस्तर मांडतो, कारण मराठी वाचकांपर्यंत तिचे तुकडेच पोचले आहेत.

किमिया इराणमधल्या करज शहरातली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने ५७ किलोखालच्या गटात कांस्यपदक जिंकलं. कुठल्याही खेळात ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली इराणी महिला. हेल्मेटखाली स्कार्फ बांधून ती खेळली होती, आणि पदकानंतर तिचं नाव देशभर झालं. जानेवारी २०२० मध्ये तिने इराण कायमचा सोडल्याचं जाहीर केलं. आपण इराणमधल्या लाखो पिचलेल्या बायकांपैकी एक आहोत, घालायला सांगितलं ते घातलं, बोलायला सांगितलं ते बोललो आणि आपल्या पदकाचं श्रेय मात्र हिजाबला आणि अधिकाऱ्यांच्या व्यवस्थापनाला दिलं गेलं, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. त्या वेळी तिथल्याच संसदेतल्या एका सदस्याने दोष तिला न देता अकार्यक्षम अधिकाऱ्यांना दिला होता. देशाचं माणूसबळ यांच्यामुळे बाहेर जातंय, असं तो म्हणाला होता. हे मुद्दाम नोंदवतो, कारण इराणी लोक आणि इराणी क्रीडा खातं एक नव्हेत.

ती जर्मनीत राहिली आणि २०२१ मध्ये टोकियोत निर्वासितांच्या ऑलिम्पिक संघातून उतरली. डोबोकच्या, म्हणजे तायक्वांदोच्या गणवेशाच्या, पाठीवर देशाच्या नावाऐवजी ईओआर ही निर्वासित संघाच्या फ्रेंच नावाची तीन आद्याक्षरं होती. २५ जुलैला पहिल्याच लढतीत समोर आली ती नाहीद कियानी, इराणच्या संघातली तिची जुनी सहकारी. एकाच संघातून वाढलेल्या दोघी. एकीच्या हेल्मेटखाली स्कार्फ, दुसरीच्या नाही. किमियाने ती लढत १८-९ अशी जिंकली. त्यानंतर तिने ब्रिटनच्या जेड जोन्सला १६-१२ असं हरवलं. लंडन आणि रिओ अशी लागोपाठ दोन सुवर्णं जिंकलेली, तिसऱ्यासाठी आलेली जेड जोन्स! मग चीनची झोऊ लिजुन. त्यापुढे उपांत्य लढत आणि कांस्याची लढत अशा दोन्ही ती हरली. कांस्य गेलं ते ८-६ अशा फरकाने. खेळ माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, छातीच्या गार्डवर बसलेल्या साध्या लाथेचे दोन गुण असतात. निर्वासितांच्या संघाचं पहिलं ऑलिम्पिक पदक त्या एका लाथेपाशी राहिलं.

२०२४ मध्ये बल्गेरियाने तिला नागरिकत्व दिलं आणि पॅरिसला ती बल्गेरियाकडून खेळली. पुन्हा पहिल्याच लढतीत कियानी! या वेळी कियानी जिंकली. तायक्वांदोत पहिल्या फेरीत हरलेल्याला पदकाची संधी एकाच वाटेने परत मिळते, ज्याने हरवलं तो अंतिम फेरीत पोचला तर. म्हणजे त्या दिवशी किमियाचं सगळं भवितव्य कियानीच्या पायांवर होतं. कियानी एकेक लढत जिंकत अंतिम फेरीत गेली, त्यामुळे किमियाला ही परतीची संधी, म्हणजे रेपेचाज, मिळाली आणि तिने कांस्य जिंकलं. कियानीला रौप्य मिळालं, इराणी महिलेचं पहिलं ऑलिम्पिक रौप्य. एकाच पोडियमवर दोघी उभ्या होत्या. एकीच्या देशाने दुसरीला परकं ठरवलं होतं, पण एकीच्या जिंकण्याचा फायदा दुसरीला झाला आणि कुणाचंही काही गेलं नाही. किमियाचं बल्गेरियाकडून खेळणं हा इराणचा तोटा आहे असं मानणाऱ्यांनी तो निकाल पुन्हा एकदा पाहावा. त्या स्पर्धेत इराणच्या मोबिना नेमतजादेनेही ४९ किलोखाली कांस्य जिंकलं. इराणमध्ये मुलींचं तायक्वांदो आजही जोरात आहे.

इराणी खेळाडूंच्या बाबतीत सहीचा प्रश्न ऑलिम्पिकच्या फार आधी सुरू होतो. तिथल्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीला देशाबाहेर जाण्यासाठी नवऱ्याची परवानगी लागते. २०१५ मध्ये महिला फुटसाल (इनडोअर फुटबॉल) संघाची कर्णधार नीलोफर अर्दलान आशियाई स्पर्धेला जाऊ शकली नाही, कारण नवऱ्याने ती दिली नाही. देशाची कर्णधार घरी आणि संघ मलेशियात. अशा व्यवस्थेतून एखादी खेळाडू जिवावर उदार होऊन बाहेर पडते, दुसऱ्या देशात भाषा शिकते, सराव सुरू करते, आणि मग ऑलिम्पिकची सनद तिला सांगते की तीन वर्षं थांब, नाहीतर मागे जा आणि त्याच व्यवस्थेची संमती आण. आपल्या नियमाचा हेतू असा नसेल, पण परिणाम हाच आहे.

यावर आपलं उत्तर असेल की म्हणूनच निर्वासितांचा संघ आहे. त्या संघाबद्दल मला मनापासून आदर आहे. टोकियोत त्यात तायक्वांदोचे ३ खेळाडू होते, पॅरिसमध्ये ५. वर्ल्ड तायक्वांदोच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या फाउंडेशनने जॉर्डनमधल्या अझराक छावणीत वर्ग चालवले आणि त्या वर्गात शिकलेला याह्या अल घोतानी हा सीरियन मुलगा पॅरिसच्या उद्घाटनात ध्वज घेऊन होता. छावणीत मॅट टाकून पांढऱ्या पट्ट्यापासून शिकवायचं आणि ऑलिम्पिकपर्यंत न्यायचं हे काम किती कष्टाचं आहे, ते शिकवणाऱ्यालाच कळतं.

पण या संघात आणि नियम ४१ मध्ये एक फट आहे. निर्वासित संघात यायला निर्वासित असावं लागतं किंवा आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळालेलं असावं लागतं. नव्या देशाने नागरिकत्व दिलं की माणूस निर्वासित राहत नाही. १९५१ चा निर्वासितविषयक करारच तसं सांगतो. आता समजा, एखाद्या खेळाडूला चांगल्या मनाच्या देशाने दीड-दोन वर्षांत नागरिकत्व दिलं. निर्वासित संघाचं दार त्या दिवशी बंद झालं. नव्या देशाचं दार तीन वर्षं झाल्याशिवाय किंवा जुन्या देशाने मान डोलावल्याशिवाय उघडत नाही. जुन्या देशाकडून तर तो खेळूच शकत नाही. धड ना इकडचा, धड ना तिकडचा. लवकर आसरा मिळणं हे त्याच्यासाठी संकट ठरतं! तायक्वांदोत पायाचा वेग शाबूत असण्याची वर्षं मोजकी असतात आणि ऑलिम्पिक चार वर्षांनी येतं. या दोन दारांच्या मधे उभं राहिलेल्याचं एक ऑलिम्पिक गेलं की बहुतेकदा सगळंच गेलं.

मनात आणलं तर मार्ग निघतो हे जुदोत दिसलं आहे. इराणचा जगज्जेता सईद मोल्लाई याला २०१९ च्या जागतिक स्पर्धेत, इस्रायलच्या खेळाडूशी गाठ पडू नये म्हणून, मागे हटायला सांगण्यात आलं. त्याने ते जगाला सांगितलं आणि तो परत गेला नाही. जागतिक जुदो संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली, तिने इराणला निलंबित केलं. मंगोलियाने त्याला नागरिकत्व दिलं आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत टोकियोत त्याने मंगोलियासाठी रौप्य जिंकलं. ते अगदी योग्य झालं. पण मोल्लाई जगज्जेता होता, त्याचं प्रकरण जगभर गाजलं होतं आणि त्याची संघटना खमकी निघाली. राष्ट्रीय संघात नुकती आलेली, जागतिक क्रमवारीत कुठेतरी चाळिसावी असलेली, कुणाला नावही माहीत नसलेली मुलगी असेल तर तिच्यासाठी कोण भांडणार? तिच्यासाठी नियम लिहिलेला असला पाहिजे.

अफगाणिस्तानची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. त्या देशाने आजवर दोनच ऑलिम्पिक पदकं जिंकली आहेत आणि दोन्ही तायक्वांदोत, दोन्ही एकाच माणसाची. रोहुल्ला निकपाई, बीजिंग २००८ आणि लंडन २०१२. निकपाईचं कुटुंब यादवीतून पळून इराणमध्ये आश्रयाला गेलं होतं आणि तो हा खेळ तिथेच शिकला. परक्या देशात, निर्वासितांच्या पोरांमध्ये. पुढे तो काबूलला परतला आणि देशाला पहिलं पदक दिलं. त्याच देशाचा फरजाद मन्सूरी टोकियोच्या उद्घाटनात अफगाणिस्तानचा ध्वज घेऊन चालला. महिन्याच्या आत काबूल तालिबानच्या हाती पडलं. २६ ऑगस्टला विमानतळाबाहेर झालेल्या स्फोटात मेलेल्यांमध्ये त्याचा तायक्वांदोतला एक सहकारीही होता. फरजाद ब्रिटनमध्ये पोचला आणि पॅरिसला निर्वासितांच्या संघातून ८० किलोखाली खेळला.

आणि झाकिया खुदादादी. एक हात कोपराखाली नसलेली ही मुलगी टोकियो पॅरालिम्पिकसाठी निवडली गेली होती आणि काबूलमध्ये अडकली. व्हिडिओवरून तिने मदत मागितली, तिला बाहेर काढण्यात आलं, उद्घाटन होऊन गेल्यावर ती टोकियोत पोचली आणि अफगाणिस्तानकडून खेळली. आज त्याच देशात मुलींना शाळेत सहावीच्या पुढे जाऊ देत नाहीत. झाकिया फ्रान्समध्ये राहिली, पॅरिसमध्ये सराव केला, आणि २०२४ ला ४७ किलोखाली कांस्य जिंकलं. निर्वासितांच्या पॅरालिम्पिक संघाचं ते पहिलं पदक. झाकियासारखीच एखादी ऑलिम्पिक खेळाडू देश सोडून आली आणि तीन वर्षांच्या आत दुसऱ्या देशाची नागरिक झाली, तर ती कोणाची संमती आणणार? काबूलमध्ये जे बसले आहेत त्यांची?

आता दुसरी बाजू. तीन वर्षांची अट आली ती श्रीमंत देशांनी खेळाडू विकत घेऊ नयेत म्हणून, आणि ती भीती खोटी नाही. रिओत अझरबैजानने तायक्वांदोत ३ पदकं जिंकली. सुवर्ण जिंकणारा रादिक इसायेव आणि कांस्य जिंकणारी पतिमत अबाकारोवा रशियात जन्मलेले, तर ८० किलोखाली कांस्य जिंकणारा मिलाद बेगी इराणचा. मिलादने २०१५ आणि २०१७ ची जागतिक विजेतेपदंही अझरबैजानसाठीच मिळवली. यातल्या प्रत्येकाने आपलं पदक घाम गाळून मिळवलं आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण स्वतःच्या घरात मुलं घडवण्याऐवजी तयार खेळाडू आणण्याची सवय देशांना लागली, तर माझ्यासारख्या गावोगावच्या प्रशिक्षकांनी शिकवायचं तरी कुणासाठी? अशा बदलांना तीन वर्षांची अट राहू द्या. ब्रिटनच्या आरोन कुकला, ८० किलोखाली जगात पहिल्या क्रमांकावर असताना, लंडन ऑलिम्पिकला डावलण्यात आलं आणि पुढे तो मोल्दोव्हाकडून रिओत खेळला. त्याच्यावर अन्याय झाला असं माझं मत आहे. तरीही त्याला घरी जाता येत होतं, बोलता येत होतं, आईवडिलांना भेटता येत होतं. त्याने थांबणं आणि किमियाने थांबणं या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत, एवढंच मी म्हणतो.

या दोघांमधला फरक कसा ओळखायचा, हा प्रश्नही अवघड नाही. तो निवाडा ऑलिम्पिक समितीने करायचाच नाही. ज्या देशाने आश्रय दिला तिथल्या यंत्रणेने किंवा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने तो आधीच केलेला असतो. ते कागद खोटे करता येत नाहीत असं नाही, पण पैशाच्या मोहाने आलेल्या खेळाडूला ते सहजी मिळतही नाहीत.

इथे माझ्या मराठी वाचकांशी दोन शब्द बोलतो. जून २०२४ मध्ये डॅलसला सौरभ नेत्रावळकरने सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला पाकिस्तानवर विजय मिळवून दिला, तेव्हा आपण सगळे नाचलो. सौरभ मुंबईचा, भारताच्या १९ वर्षांखालच्या संघातून विश्वचषक खेळलेला, मुंबईकडून रणजी खेळलेला. सहा दिवसांनी त्याने न्यूयॉर्कला विराट कोहलीला शून्यावर आणि रोहित शर्मालाही बाद केलं. तरी ‘आपला मराठी मुलगा’ म्हणून त्याचे फोटो फिरत होते, त्याला कुणी देशद्रोही म्हणालं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं. तो शिकायला गेला, नोकरी लागली, तिथला झाला. मग जी मुलगी नोकरीसाठी नव्हे तर श्वास घेता यावा म्हणून गेली, तिच्या बातमीखाली आपल्याच भाषेत ‘देशाशी गद्दारी’ लिहिणारे हात कुणाचे असतात? परिस्थितीने घर सोडायला लावलेल्या माणसाला आपल्या गावांत कुणी हिणवत नाही. साखर कारखान्यावर ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या कुटुंबाला कुणी गावाशी बेइमान म्हणतं का?

अध्यक्षा महोदया, आपण स्वतः ऑलिम्पिकमध्ये पोहलेल्या आहात. अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठात सराव करून आपण झिम्बाब्वेसाठी अथेन्स आणि बीजिंग मिळून ७ पदकं जिंकलीत. परदेशात राहून मायदेशाचा ध्वज वर चढताना पाहण्याचं सुख आपल्याला मिळालं, कारण तो देश आपल्याला परत घ्यायला तयार होता. ज्यांना तो घ्यायला तयार नाही, त्यांचं दुःख आपल्याइतकं कुणाला कळणार?

लॉस एंजेलिसचं उद्घाटन १४ जुलै २०२८ ला आहे. तीन वर्षं मागे मोजली तर जुलै २०२५ येतो. त्यानंतर मायदेशाच्या डोबोकमध्ये एखादी आशियाई किंवा जागतिक स्पर्धा खेळून जो देश सोडतो, त्याला २०२८ ला नव्या देशाकडून उतरायचं तर जुन्या देशाच्या संमतीशिवाय मार्ग नाही. म्हणून ही दुरुस्ती २०२८ नंतर करून उपयोग नाही. कार्यकारी मंडळाच्या पुढच्या बैठकीत विषय घ्या. ज्याला निर्वासित दर्जा किंवा आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळालं होतं आणि नंतर नागरिकत्व मिळालं, त्याला जुन्या देशाच्या संमतीची अट लागू नाही, असं एक वाक्य पोटनियमात घाला. तोवर वर्ल्ड तायक्वांदोने एक करावं. २०१६ च्या इस्तंबूलच्या पात्रता स्पर्धेत राहेले आसेमानी ही इराण सोडलेली, बेल्जियममध्ये टपाल वाटून पोट भरणारी खेळाडू आपल्या संघटनेच्या ध्वजाखाली उतरली होती आणि रिओसाठी पात्र ठरली होती. ती सोय तिच्यापुरती न ठेवता, आश्रयासाठी अर्ज केलेल्या प्रत्येक खेळाडूला अर्जाची पोच दाखवून मिळेल असं लेखी जाहीर करावं. नाव नोंदवायचं कुठे, कागद कोणते आणि उत्तर किती दिवसांत, हेही त्यात असावं.

कळावे,

आपला विश्वासू,
एक तायक्वांदो प्रशिक्षक
महाराष्ट्र, भारत